प्रलयाचं शुद्धिपत्र

पहिलीच चूक सूर्याची.
पटकथेत तो विझलाय, पृथ्वीवर कायमची रात्र;
ब्रेंटने लेन्सवर निळा कागद चिकटवला
आणि भर दुपारी दोनला रात्र उरकली.
माणसांच्या पायाशी सावल्या आहेत,
आखूड, काळ्याभोर,
हाकलल्या तरी न जाणाऱ्या.

मी सांगितलं होतं. वही माझ्याकडे होती.
रक्त कुणाच्या कुठल्या गालावर, फाटकी बाही डावी की उजवी,
हे टिपायला त्याने मला नेमलं, कारण
शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं मी
दुसऱ्यांच्या चुकाच लिहीत आले
आणि फुकट येणार होते.

रक्त बीटाचं.
मिर्नाच्या तळघरातल्या सहा बरण्या,
शेपूच्या काड्यांसकट ओतलेल्या.
तिसऱ्या बळीच्या गळ्यावर काडी स्पष्ट दिसते.
उल्का म्हणजे चंदेरी कागदाचा बोळा,
गळाच्या दोरीला टांगलेला. जगावर आदळण्याआधी
तो क्षणभर उलटा फिरतो,
विचार बदलल्यासारखा.

'आता कुणी कुणी उरलं नाही,' नायिका म्हणते,
आणि तिच्या खांद्यामागे, गव्हाच्या पार टोकाला
पेट्रिशिनांचं कापणीयंत्र
डावीकडून उजवीकडे जात राहतं.
ब्रेंट धावत गेला, हात जोडून आला.
'गुरुवारी पाऊस आहे,' म्हणाला,
'प्रलयालाच थांबायला सांग म्हणतायत.'

प्रेतं अकरा.
एवढ्यात अख्खं सस्कॅचवान मारायचं,
तर त्याच अकरांनी टोप्या बदलून मरायचं.
डार्लीन चार वेळा मेली, चारही वेळा चष्म्यासकट.
ओरेस्ट पाच वेळा:
पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर,
दोनदा धान्याच्या कोठाराशी,
एकदा स्वतःच्याच ट्रकखाली.
गुडघा नवा होता त्याचा, म्हणून आधी हात टेकायचा,
मग बेताने बसायचा, मग मरायचा.
तेही लिहिलंय. नोंद एकतीस.

नोंद सत्तेचाळीस, खाली दोन रेघा:
प्रेत श्वास घेतंय.
चर्चची पायरी. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून खाली उतरतो
आणि चौकड्यांचा शर्ट
वर येतो, खाली जातो, वर येतो.
नऊ सेकंद.
'परत घ्यावं लागेल,' मी म्हटलं.
पण ऊन उतरलं होतं,
रात्र दाखवण्यापुरता उजेड उरला नव्हता.

फेब्रुवारीत सिनेमा हॉलमध्ये लावला.
बाहेर उणे एकतीस. आत घडीच्या खुर्च्या, साठेक माणसं,
आवाज ओठांच्या दोन पावलं मागे.
लोक हसले, जिथे हसू नये तिथे सगळीकडे.
उल्केला तर टाळ्या.
ओरेस्ट नोव्हेंबरात गेला होता,
गॅरेजमध्ये, फावडं हातात असताना.
त्या वेळी त्याने हात टेकला नव्हता म्हणतात.

मिर्ना तिसऱ्या रांगेत, अंगातला कोट न काढता.
पायरी आली. शर्ट वर आला, खाली गेला.
मागे कुणीतरी हसायला लागलं
आणि त्याचा खोकला झाला.
नंतर कॉफीच्या टाकीपाशी ती ब्रेंटला म्हणाली,
'ते जरा पुन्हा लावतोस?
ट्रकखालचं नको. पायरीवरचं.'
त्याने लावलं. नऊ सेकंद.
मग तिने बीटाच्या बरण्या परत मागितल्या,
निदान झाकणं तरी.

सकाळी ब्रेंटचा फोन.
रेजायनाच्या महोत्सवाला पाठवतोय,
चुका दुरुस्त करायच्यात, वही वाच.
सावल्या जमणार नाहीत, यंत्र पुसता येईल,
दोरी पुसता येईल.
'आणि ते सत्तेचाळीस,' म्हणाला, 'सगळ्यात सोपं.
चित्र गोठवलं की झालं.'

मी पान उलटलं. परत उलटलं.
'सेहेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस आहे इथे,' मी म्हटलं.
'आकडा चुकला असेल माझा.'